एका घटकेचं खोटं

वहिनीच्या बाळंतपणात मला एकच काम दिलेलं होतं, आणि ते मी धड केलं नाही. काम तसं साधं. बाळ जन्मलं की घड्याळ बघायचं आणि दिसेल ती वेळ आईला सांगायची. अकरावीत शिकणाऱ्या मुलीला याहून सोपं काय सांगणार? दहावी पास झाले म्हणून मामाने मला मनगटी घड्याळ दिलं होतं आणि घरात रेडिओच्या वेळेला वेळ लावून चालणारं तेवढं एकच होतं. भिंतीवरचं घड्याळ मागे पडायचं. बाबांचं घड्याळ त्यांच्यासारखंच, त्याला कसली घाई नव्हती. म्हणून हा मान माझ्याकडे आला. आई मान हाच शब्द वापरायची, आणि मी तो मिरवलाही. शेजारच्या मुलींना सांगत सुटले होते की आमच्या बाळाची वेळ मी घेणार आहे.

तेव्हा आम्ही नाहूरला राहायचो, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, दोन खोल्यांच्या घरात. सकाळी सातला आसपासच्या कारखान्यांचे भोंगे एकामागून एक वाजायचे आणि त्यावर आमच्या घराचा दिवस चालायचा. पहिल्या भोंग्याला बाबांचा चहा, दुसऱ्याला दादाचा डबा. गिरणी सुटल्यापासून बाबा साकीनाक्याला एका कारखान्याच्या दारावर बसत, आणि दादा तिथेच जवळच्या गाळ्यात लेथ चालवायचा. त्याच्या शर्टाला कायम तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा वास असे. घराला मात्र आईचा वास होता. तिरफळं घातलेली बांगड्याची कढी, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप, पावसाळ्यासाठी डब्यात भरून ठेवलेला सुका जवळा. आई मालवणकडची. चाळीस वर्षं मुंबईत काढून तिने मुंबईची भाषा शिकायचं नाव घेतलं नाही. बाजारात, दवाखान्यात, रेशनच्या रांगेत ती मालवणीतच बोलायची, आणि गंमत म्हणजे सगळ्यांना कळायचं.

वहिनी साकीनाक्याहूनच आली. दादाच्या शेजारच्या गाळ्यात ती बटणं मोजून पाकिटात भरायची. अंधेरीकडच्या एका जुन्या गावठाणातली, घरात मराठी बोलणारी ख्रिश्चन मुलगी. नाव फिलोमिना. आई लहानपणीच गेलेली, बाप बोटीवर. दादाने घरात सांगितलं तेव्हा आई सहा महिने त्याच्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पण शब्द नाही. सातव्या महिन्यात ती आपणहून बोलली आणि तीन अटी घातल्या. लग्न भटजी लावणार, मुलीचं नाव बदलणार, आणि पुढे पोरंबाळं झाली तर त्यांच्या बाबतीत चर्चचं काही चालणार नाही. दादाने लगेच हो म्हटलं. त्याच्याजवळ जेवढं धैर्य होतं तेवढं त्याने लग्न ठरवण्यात खर्च केलं होतं, पुढच्या आयुष्यासाठी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. लग्नात तांदूळ पसरलेल्या ताटात त्याने अंगठीने नवीन नाव लिहिलं, सुनीता. बायकांनी वाकून वाचलं आणि पेढे वाटले. फिलोमिना त्या ताटाकडे बघत उभी होती. नंतर कितीतरी दिवस आईने "सुनीता" म्हणून हाक मारली की ती वळायला उशीर करायची. आईला वाटायचं पोरगी उर्मट आहे. दुपारी तिच्या बाजूला पडून गप्पा मारताना मला कळलं होतं की ते नाव आपलं आहे हे तिच्या लक्षातच यायचं नाही.

तिला सातवा महिना लागला होता तेव्हाची गोष्ट. आई देवळात गेलेली, आम्ही दोघी मोरीपाशी कोळंबी सोलत बसलो होतो. वहिनीने मला विचारलं, मुलगी झाली तर नाव आत्याच ठेवते ना तुमच्यात? मी म्हटलं, हो, पाळण्यात घालताना आत्याने बाळाच्या कानात सांगायचं. आणि आत्या मी एकटीच. ती कोळंबीचा धागा काढत राहिली. नंतर तिने सिस्टर अग्नेसची गोष्ट सांगितली. गावठाणाजवळच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांचा दवाखाना होता, तिथे ही आयर्लंडहून आलेली नन होती. आई गेल्यावर वहिनी शाळा सुटली की तिच्याजवळच असायची, बाटल्या धुवायची, पट्ट्या गुंडाळायची. सिस्टर गावठाणातल्या बायकांकडून मराठी शिकलेली, त्यामुळे अगदी त्यांच्यासारखं ठसक्यात बोलायची आणि रागावली की शिव्याही त्यांच्याच द्यायची, अर्थ न कळता. वहिनीची पहिली पाळी आली तेव्हा काय करायचं ते तिनेच सांगितलं होतं. वीस वर्षांची असताना सिस्टर आयर्लंडमधलं घर सोडून निघाली, ती परत गेली नाही. म्हातारपणी अंथरुणाला खिळली तेव्हा वहिनी तिला भरवायला जायची.

"नन झाली की घरचं नाव सोडायचं असतं," वहिनी म्हणाली. "तिचं घरचं नाव नूला. त्यांच्या भाषेतलं जुनं नाव, गोऱ्या खांद्यांची असा काहीतरी अर्थ होता. चाळीस वर्षांत कोणी तिला त्या नावाने बोलावलं नव्हतं. मला म्हणाली, एकदा हाक मार. मी मारली. तिने ओ दिली गं जयू. अगदी आपल्यासारखी, ओ."

हे सांगताना तिचा आवाज जराही हलला नाही. पुढे तिने एवढंच म्हटलं की मुलगी झाली तर तिला ते नाव हवं आहे. घर तुमचं, देव तुमचे, माझं नावसुद्धा तुम्ही दिलेलं. एवढी एक गोष्ट माझ्याकडून असू दे. मी कोळंबीच्या हातानेच तिचा हात धरला आणि शपथ घेतली. सतराव्या वर्षी माणूस शपथ फार पटकन घेतं.

नावाबद्दल आईची काय ठाम समजूत होती हे मला माहीत होतं, तरी शपथ घेतली. दादाच्या पाठीवर, माझ्या आधी, आईला एक मुलगी झाली होती. गावी, भातकापणीच्या दिवसांत. सगळे शेतात, घरात फक्त सुईण, वेळ कोणी बघितली नाही. भटजींनी अंदाजाने पत्रिका मांडली, अंदाजाने अक्षर दिलं आणि त्यावर नाव ठेवलं. दीड वर्षाची होऊन ती तापाने गेली. आईच्या मनात पक्कं बसलं की चुकीच्या वेळेवर चुकीचं नाव ठेवलं म्हणून मूल टिकलं नाही. त्या मुलीचं नाव आईच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. इतर घरांत पत्रिकेतलं नाव वेगळं आणि हाकेचं वेगळं असतं, पण आमच्याकडे तसं चालत नसे. ज्या अक्षराने देवाने मूल पाठवलं त्याच अक्षराने हाक मारायची, असं आईचं म्हणणं. आज पत्रिका फोनवर दोन मिनिटांत निघते आणि लोक तिला हसतात. मीही हसते. पण आईचं भय हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तिने एक पोर मातीत दिलेलं होतं.

वहिनीच्या माहेरी कोणी नव्हतं म्हणून पहिलं बाळंतपणही आमच्याकडेच झालं. पहाटे तिला कळा सुरू झाल्या आणि तिला मुलुंडच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. सकाळी आईने मला आमच्या गल्लीतल्या भटजींकडे पिटाळलं, आज नक्षत्र काय ते विचारून ये म्हणून. तिला ज्येष्ठा नक्षत्राची धास्ती होती. भटजींनी पंचांग उघडलं आणि म्हणाले, काळजी नको, ज्येष्ठा उद्या पहाटे लागते, आज अनुराधा आहे. मग त्यांनी एका चिठ्ठीवर अक्षरं आणि वेळा लिहून दिल्या. दुपारी दोन पन्नासपर्यंत नी. त्यानंतर रात्रीपर्यंत नू. मी ती चिठ्ठी रस्त्यात उभी राहून तीनदा वाचली. नू. बाळ दोन पन्नासनंतर आलं तर आईचं अक्षर आणि वहिनीचं नाव एकच होणार होतं. आईला बोलायला जागाच राहणार नव्हती.

नर्सिंग होमच्या पहिल्या मजल्यावर प्रसूतीच्या खोलीबाहेर एक लाकडी बाक होता. त्यावर आई आणि मी बसलो. दादा कामावर, बाबा कामावर. आईने मला पुन्हा बजावलं, "बाळाचा रडणा ऐकलंस काय काटो बघूचो. दुसऱ्या कोणाचा ऐकान सांगू नको." मी मान हलवली. बारा वाजले, एक वाजला. आतून वहिनीचा आवाज येई आणि थांबे. ती "आई गं" म्हणून ओरडत नव्हती. काहीतरी पुटपुटत होती, ती प्रार्थना असणार. आईने ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. सव्वादोनला तिला राहवेना, ती कोपऱ्यावरच्या मारुतीला नारळ द्यायला खाली गेली. मी बाकावर एकटी. एका हातात चिठ्ठी, दुसऱ्या मनगटावर घड्याळ. त्या पंधरा मिनिटांत मी काय काय मागितलं ते लिहायला लाज वाटते. वहिनी आत तडफडत होती आणि मी देवाला सांगत होते, थांबव, अजून थोडा वेळ थांबव. दोन पंचवीस. दोन अठ्ठावीस. मग आतून बाळाचा आवाज आला, बारीक आणि चिडलेला. दोन एकतीस झाले होते. दार उघडून नर्स म्हणाली, मुलगी आहे, दोन एकतीस.

आई जिना चढून वर आली तेव्हा तीन वाजत आले होते. तिच्या कपाळाला शेंदूर होता आणि धाप लागलेली होती. तिने मुलगा की मुलगी हे आधी विचारलं नाही. "वेळ?" असं विचारलं. मी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "दोन पंचावन्न." खोटं बोलणं काही माझ्या पाचवीला पुजलेलं नव्हतं, तरी ते इतक्या सहज कसं आलं याचं मला आजही नवल वाटतं. चोवीस मिनिटं. जुन्या मोजणीत त्याला एक घटका म्हणतात, हे मला भटजींकडूनच नंतर कळलं. आईने ते दोन शब्द तोंडात घोळवले, चिठ्ठी मागून घेतली, बोट ठेवून बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. नू, ती म्हणाली. मग म्हणाली नूतन ठेवूया, चांगला नाव. तेव्हा माझ्या लक्षात आलं की नू अक्षरावर दुसरंही नाव असू शकतं. इतकी हुशारी करून ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

पाचव्या दिवशी पूजेची तयारी चाललेली. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवली होती, सटवाई येऊन बाळाच्या नशिबात लिहिते म्हणून. आई ओटीचं सामान आणायला बाहेर पडली तशी वहिनीने मला जवळ बोलावलं. बाळ तिच्या मांडीवर होतं, सावळं, आमच्याच वळणाचं, गोऱ्या खांद्यांचा पत्ता नव्हता. वहिनीने विचारलं, आई सगळ्यांना दोन पंचावन्न का सांगतात? मी पाटावरची लेखणी सरळ केली.

"नर्सने वेळ मोठ्याने सांगितली होती, जयू. मी शुद्धीत होते."

मी तिला सगळं सांगितलं. चिठ्ठी, नू, माझी युक्ती. मला वाटलं होतं ती मला मिठी मारेल. तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "मला विचारायचं तरी. त्या बाईने मला जन्मभर एकच शिकवलं, खोटं बोलायचं नाही. आणि तिचंच नाव तू खोट्यावर बसवणार?" मी चिडले. म्हटलं, तुझ्यासाठीच केलं ना, उपकार मानणं तर दूरच. तिने आवाज न चढवता सांगितलं की बारशाच्या आत आईला खरं सांग. नाव नूतन ठेवा, नीता ठेवा, मला चालेल. हे असलं नको. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन.

पुढचे सात दिवस मी रोज सकाळी ठरवायचे की आज सांगायचं. आई बाळाला तेल लावत असायची, मांड्या चोळत, नाक ओढत, आणि तिच्याच नादात काहीतरी पुटपुटत असायची. तिला इतकी सुखात मी पूर्वी बघितली नव्हती. सांगायला तोंड उघडायचे आणि वेगळंच काही बोलायचे, दूध आणू का, वाळत घातलेले लंगोट काढू का. आईला वाटलं पोरगी कामसू झाली. दहाव्या दिवशी भटजींनी पत्रिका आणून दिली, लाल शाईतली, वर कुंकवाची बोटं. त्यात मी सांगितलेली वेळ होती. आईने ती गुंडाळी नव्या खणात बांधून देवांसमोर ठेवली आणि हात जोडून उभी राहिली. नर्सिंग होमचं कार्ड पण ह्यातच ठेवूया, ती म्हणाली. मी म्हटलं ते दादाच्या फाइलीत आहे, नंतर ठेवू. खरी वेळ लिहिलेलं ते कार्ड माझ्या दहावीच्या भूमितीच्या वहीत लपवलेलं होतं. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती आणि ते मला जास्त लागत होतं.

बारसं दुपारी चारला होतं. शेजारच्या बिऱ्हाडातून पाळणा आणला, त्याला झेंडूच्या माळा लावल्या. चुलीवर घुगऱ्या शिजल्या होत्या, सुंठवड्याचा वास खोलीभर. वीस-पंचवीस बायका दाटीवाटीने बसल्या. बाळाला पाळण्याखालून आणि वरून फिरवून झालं, बायकांनी देवांची नावं घेतली, आणि मग सगळ्यांनी मला पुढे ढकललं. आईने माझ्या कानात सांगितलं, "नूतन." मी पाळण्यावर वाकले. बाळ जागं होतं. माझ्यामागे बायका धपाटे घालायला हात उगारून तयार. मी खरं सांगितलेलं नव्हतं. आता नूतन म्हटलं की वहिनीला दिलेली शपथ गेली आणि आईशी केलेलं खोटंही फुकट गेलं, तेल गेलं तूप गेलं. मी बाळाच्या कानात कुर्र केलं आणि म्हटलं, नूला. पाठीत धपाटे बसले. कोणीतरी जोरात मारला, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, बरंच झालं. बायकांनी विचारलं, काय गं ठेवलंस? मी सरळ उभी राहून सांगितलं.

खोलीत कुजबुज झाली. एकीने विचारलं, हे कसलं नाव, साहेबाच्या पोरीचं वाटतं. दुसरी वहिनीकडे बघून हसली आणि म्हणाली, कळलं हो कुठून आलं ते. वहिनी खाली बघत होती. आई माझ्याकडे बघत राहिली, आणि मला वाटलं आता सगळ्यांदेखत ही मला थोबाडीत देणार. पण आईने पदर खोचला आणि त्या बाईला ताडकन सुनावलं, अक्षर नू आलेलं आहे, देवाने दिलेलं अक्षर आहे, आत्येला मान आहे, तिला पटलं ते तिने ठेवलं. तुमका घुगऱ्यो व्हयेत काय नुसते प्रश्न विचारतास? बायका हसल्या. घुगऱ्या वाटल्या गेल्या, ओट्या भरल्या, आणि तासाभरात घर रिकामं झालं. मी त्या तासाभरात कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. मला खरंच वाटलं की सुटले.

आई परात पुसत होती. ती वहिनीला म्हणाली, नाव माझ्या जिभेला वळत नाही, पण अक्षर देवाने दिलंय, आपण कोण बोलणारे. तिच्या आवाजात हरल्याचा राग नव्हता, ती वहिनीला समजावण्यासाठी बोलत होती, बायकांचं मनावर घेऊ नको अशा सुरात. लग्नानंतर आईने वहिनीची बाजू घेतल्याचा तो पहिला प्रसंग. वहिनीने बाळाला पाळण्यात ठेवलं आणि उठून आईसमोर गेली.

"आई, नाव मला हवं होतं. मीच जयूला सांगितलेलं. पण वेळ खोटी आहे. दोन एकतीसला झाली ती."

आईने परात खाली ठेवली. वहिनीकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणू शकले असते. वहिनी तेव्हा गुंगीत होती, तिला काय कळतंय असं म्हणू शकले असते, आणि खरं सांगते, एक क्षण ते माझ्या जिभेवर आलंही होतं. आईने हात पुढे केला आणि कार्ड मागितलं. मी भूमितीच्या वहीतून ते काढलं. तिला इंग्रजी येत नव्हतं. ती म्हणाली, "वाच." मी वाचलं, दोन एकतीस. ती म्हणाली, परत वाच. मी परत वाचलं. तेवढ्यात दादा कामावरून आला, दारात चपला काढता काढता आमचे चेहरे बघून तसाच उभा राहिला.

वहिनी म्हणाली की नाव बदला आई, काही हरकत नाही. आईने मान हलवली. आत्येन कानात सांगल्यान ता सांगल्यान, ती म्हणाली, बाळाच्या कानात गेलेलं बाहेर काढता येत नाही. मग तिने विचारलं, नाव कोणाचं. वहिनीने तिला ननची गोष्ट सांगितली, मला सांगितली होती त्याहूनही थोडक्यात. ओ दिल्याचं सांगितलं तेव्हा आईने पदराने तोंड पुसलं. "बायल मानूस," ती म्हणाली, "चाळीस वर्सा." मला वाटलं आता ती माझ्याकडे वळून दोन शिव्या देईल आणि संपेल. ती वळली, पण तिचा आवाज अगदी हळू होता.

"नावाचा माका काय नाय. तू काटो बघून खोटा बोललंस. वेळ मी नावासाठी विचारूक नाय. माका भ्या वाटता म्हणान विचारलंय. तुका म्हायत होता."

मला माहीत होतं. तेच तर सगळ्यात वाईट होतं. मी रडायला लागले, तिने मला गप्प बस म्हटलं नाही आणि जवळही घेतलं नाही. देवांसमोरची गुंडाळी तिने खणातून सोडली, खण परत घडी करून ठेवला आणि भाताला पाणी ठेवायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कार्ड घेऊन भटजींकडे निघाली. मी न विचारता मागून गेले. भटजींनी कार्ड बघितलं, पंचांग बघितलं, घटकेचा हिशेब सांगितला आणि म्हणाले की मग अक्षर नी येतं, नाव बदललेलं बरं, निदान शांती तरी करून घ्या. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं, मी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होते. आई म्हणाली, पत्रिकेत काय ता लिवा, हाकेचा नाव रवांदे. आमच्या आत्येन ठेवल्यान हा. हे ऐकून मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. आईने स्वतःची आयुष्यभराची समजूत माझ्यासाठी मोडली, असं मला वाटलं. आज कळतं की ती माझ्यासाठी मोडली नव्हती, वहिनीसाठी मोडली होती. नूला आज बोरिवलीला असते, लोकांच्या मोडलेल्या गुडघ्यांवर व्यायाम शिकवते, आणि नवीन पेशंट तिला हमखास विचारतात की तुम्ही बंगाली का पारशी. ती सांगते, मालवणी. नावाचं तिला काही बाधलं नाही. आई मात्र ती दीड वर्षाची होईपर्यंत तिला नुसतं बाय म्हणायची, आणि तिला साधं पडसं झालं तरी उपाशी राहायची. त्या दीड वर्षात मी घरात खालच्या मानेने वावरले.

भटजींकडून परत येताना बाजारातून आईने शेवग्याच्या शेंगा घेतल्या. पिशवी मी धरली. थोडं चालल्यावर मी विचारलं, आई, अजून रागावलीस? ती म्हणाली, "राग येता आणि जाता." मी खूश झाले आणि तिचा हात धरायला गेले. तिने माझ्या हातातून पिशवी काढून घेतली.

"ह्याच्या फुडे घरात वेळ सुनीता बघतली," ती म्हणाली, आणि चालायला लागली.

सहा वर्षांनी माझं पहिलं बाळंतपण आलं. घरात तोपर्यंत सगळं सुरळीत झालेलं होतं, आई माझ्याशी हसायची, माझ्या लग्नात माझ्या सासूशी भांडली, सातव्या महिन्यात मला जे हवं ते करून घातलं. मला वाटलं ती ते विसरली. कळा सुरू झाल्या तेव्हा तिने वहिनीला बोलावून घेतलं आणि बाहेर बसवलं. मुलगा झाला. दाराबाहेर आईने विचारलं, "वेळ?" वहिनीने पाच वाजून सात मिनिटं असं सांगितलं. आईने कागदावर तसंच लिहून घेतलं. नर्सला विचारलं नाही, कार्ड मागितलं नाही. मी आत पडल्या पडल्या सगळं ऐकत होते, आणि माझा मुलगा माझ्या कुशीत असताना मला वहिनीचा हेवा वाटला. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.